बापावर गेलेली काजी

‘या झाडाचं बी पेरू नये.’

रोपवाटिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कलमाच्या मानेला एक पिवळी चिठ्ठी बांधलेली असायची आणि तिच्यावर एवढंच छापलेलं असायचं. का पेरू नये, पेरलं तर काय होईल, याबद्दल एक अक्षर नाही. नेत्रा धुरी त्या रोपवाटिकेत कलमं विकायला बसायची. गिऱ्हाईक चिठ्ठी उलटीपालटी करून विचारायचं, “म्हणजे काय ओ मॅडम?” आणि नेत्रा हसून सांगायची, “काही नाही हो. तुम्ही घरच्या घरी बी पेरून झाडं केलीत, तर पुढच्या वर्षी आमच्याकडे कोण येणार? कंपनीचं पोट आहे ते.” गिऱ्हाईकही हसायचं. कंपनीच्या पोटावर हसायला कुणाला आवडत नाही?

खरं तर हसून सोडून देणं हा नेत्राचा स्वभावच नव्हे. कराडकडची मुलगी, वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, लग्न होऊन सावंतवाडीच्या पलीकडे कातवणवाडीत आलेली. रेवा झाल्यापासून तर घरातली प्रत्येक वस्तू तिला संशयित वाटायची. द्राक्षं ती उभी चिरून द्यायची. खेळण्यांचा रंग आधी स्वतःच्या नखाने खरवडून बघायची. रेवाच्या मनगटावर ताप, नाडी आणि श्वास मोजणारी पट्टी होती. ती हिरवी असली म्हणजे सगळं आलबेल. नेत्रा ती घडोघडी बघायची आणि हिरवी दिसली तरी पोरीच्या कपाळाला एकदा हात लावायचीच.

“एक दिवस ती पट्टीच तुला म्हणेल, बाई, जरा खाली बस,” सुहास म्हणायचा. सुहास म्हणजे तिचा नवरा. ड्रोनने लोकांच्या बागा फवारून देण्याचा धंदा करायचा आणि काळजी नावाच्या रोगाची त्याला जन्मजात लसच टोचलेली होती.

“तुला काय! पोर पडली तरी म्हणशील, जमीन बघून आली.”

“मग? बापावर गेलीय पोर. पडणार, उठणार.”

“हो ना. आणि मी औषधाची बाटली घेऊन मागे.”

अशी ही नेत्रा. जगातल्या सगळ्या सूचना वाचणारी, पाळणारी, वर दुसऱ्यांना पाठवणारी. त्या पिवळ्या चिठ्ठीला मात्र ती हसली.

*

काजी म्हणजे इकडच्या बोलीत काजूचं झाड. दिसायला अगदी गरीब. बारमाही हिरवं, कातळाच्या फटीतसुद्धा पाय रोवून उभं राहणारं, आंबा आणि बिब्बा यांच्या घराण्यातलं. त्याचं सगळंच उलटं. आधी बी दिसते, हिरवी, मूत्रपिंडाच्या आकाराची. मग तिच्यामागचा देठ फुगून लाल-पिवळा बोंडू होतो. आपण ज्याला फळ म्हणून चोखतो तो खरा देठ आणि खरं फळ म्हणजे खाली लोंबणारी ती टणक बी. गर आत, भोवती साल. सालीला दोन पदर आणि दोन पदरांच्या मध्ये मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक बारीक घरं. त्या घरांत असतो चीक.

चीक म्हणजे झाडाची राखणदारी. कातडीला लागला की आधी नुसतं चुरचुरतं, मग काळं पडतं, फोड येतात, साल निघते. याला इथे एकच शब्द होता, ‘उतणं’. तोंड उतलं, हात उतले. ओल्या काजूगराची उसळ ज्यांनी हौसेने खाल्ली त्यांना तो शब्द माहीत नव्हता. ज्या बायांनी हाताला राख नि तेल चोपडून ते गर काढले त्यांना तो पाठ होता. सुहासची सुलूआत्या त्यांतलीच. आईविना वाढलेल्या सुहासला तिने सांभाळलं ते काजू सोलून. तिच्या बोटांच्या टोकांवरच्या रेषा कधीच पुसल्या गेल्या होत्या. रेशनच्या मशीनला तिची बोटं ओळखता यायची नाहीत, तेव्हा ती मशीनलाच विचारायची, “मगे मी कोण ता तूच सांग.”

मग आली ‘शीतल’, नेत्राच्या रोपवाटिकेत विकली जाणारी बिनचिकाची काजी. चीक तयार करायची आज्ञा झाडात एक जनुक देतं. त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. संशोधकांनी दोन्ही प्रतींमधली नेमकी काही अक्षरं खोडली. झालं. बाकी झाड तेच, पान तेच, गराची चव तीच. फक्त सालीतली ती बारीक घरं रिकामी. एका मूळ झाडाच्या फांद्या घेऊन कलमं बांधली, कलमांची कलमं बांधली आणि दहा-बारा वर्षांत सगळा कातळ शीतलने भरून गेला. बायांचे हात मऊ झाले. पोरं झाडावरची हिरवी बी तोडून सरळ दातांनी फोडू लागली आणि आतला दुधाळ गर चघळत शाळेत जाऊ लागली.

वांदरांना हे माणसांच्याही आधी कळलं. पूर्वी ते बोंडू खाऊन बी फेकून द्यायचे. आता बीच आधी पळवायचे आणि बोंडू लोकांच्या डोक्यात मारायचे.

सुलूआत्याने मात्र आपली एक जुनी काजी राखली होती. वाडीच्या टोकाला, विहिरीकाठी, वाकडीतिकडी, ढोपरं टेकून बसलेल्या म्हातारीसारखी.

“ही काजी बोलता गो,” ती नेत्राला म्हणायची. “हात लावलंस तर म्हणता, बाजूक हो. तुमची ती शीतल मुकी आसा.”

“मुकी बरी की आत्या. पोरांना चावत तर नाही.”

“ता खरा,” आत्या स्वतःच्या बोटांकडे बघत म्हणायची. “ता अगदी खरा.”

*

रेवाचा तिसरा वाढदिवस आला. इकडच्या गावांतही आता केक, फुगे नि पोरांना ‘रिटर्न गिफ्ट’ आलेलं होतं. प्लॅस्टिकची शिट्टी नि चिकट चॉकलेट वाटणाऱ्या आयांवर नेत्राचा जुना राग. शिट्टी घशात अडकते. चॉकलेटात काय असतं देव जाणे. तिने ठरवलं, प्रत्येक पोराला एक झाड द्यायचं. आपलं, गावचं, निर्धोक झाड.

रोपवाटिकेतलं कलम परवडण्यासारखं नव्हतं आणि पोरांच्या हाती द्यायला मोठंही होतं. म्हणून तिने शीतलच्याच बिया निवडल्या नि नारळाच्या करवंट्यांत रुजवल्या. काजूचं रोप उगवतं तेव्हा मोठं गमतीचं दिसतं. बी मातीतून डोकं वर काढते, टोपी घातल्यासारखी. मग टोपी पडते आणि दोन जाड पानं हात जोडून उभी राहतात. पडवीत ओळीने मांडलेल्या त्या करवंट्या बघून सुहाससुद्धा खूश झाला. मग म्हणाला, “अगं, पण तुमची ती चिठ्ठी? बी पेरू नये?”

“ती विकणाऱ्यांसाठी रे. आपण काय दुकान मांडलंय?”

बोलताना तिच्या मनात काहीतरी चुकचुकलं. कॉलेजातला कसला तरी तास, फळ्यावरची चौकट, मधमाश्या. बियेचं झाड कलमासारखं हुबेहूब निघत नाही हे तिला पाठ होतं. ‘निघेल थोडं वेगळं. फळ लहान येईल. एवढंच ना,’ असं ती मनाशी म्हणाली. तेवढ्यात केकवाल्याचा फोन आला, की अंड्याचा की बिनअंड्याचा, आणि तो विचार तिथेच राहिला.

वाढदिवसाला सगळ्यांत जास्त कौतुक केलं केतकीने. केतकी म्हणजे वरच्या खोल्यांत भाड्याने राहणारी नागपूरकडची बाई. नवरा महामार्गाच्या कामावर अभियंता, म्हणजे बिऱ्हाड पाठीवर. तिचा अद्वय रेवाच्याच वयाचा. अद्वय माती खायचा आणि केतकी म्हणायची, “खाऊ दे, त्यात लोह असतं म्हणतात.” नेत्राच्या अंगावर काटा यायचा. दोघींचं मेतकूट कसं जमलं हे सुहासला कधीच उमगलं नाही.

“अद्वय, बघ, तुला झाड दिलं मावशीने. नाव काय ठेवायचं याचं?” केतकीने विचारलं.

“बंडू.”

“बोंडू?”

“बंडू!” अद्वय ओरडला आणि करवंटी पोटाशी धरून बसला. रात्री ती उशाशी घेऊन झोपला म्हणे.

रेवाच्या वाट्याचं रोप नेत्राने अंगणाच्या कोपऱ्यात लावलं. भोवती पोरीच्या हाताने दगड मांडून घेतले.

पुढच्या वर्षी केतकीचं बिऱ्हाड उठलं. जाताना ट्रकच्या पुढच्या सीटवर अद्वय आणि त्याच्या मांडीवर बंडू. नेत्रा त्यांना सूचना पाठवत राहिली. घड्याळाच्या सेलपासून जपा. झोपाळ्याची दोरी तपासा. अमुक बिस्किटात रंग सापडलाय. तमुक लसीची तारीख आलीय. आधी केतकी हसण्याची चित्रं पाठवायची, मग नुसता अंगठा, मग तेही नाही. एक दिवस उत्तर आलं, “नेत्रा, राग मानू नकोस. पण तुझे निरोप वाचून मला माझ्या पोराला हात लावायची भीती वाटायला लागलीय. पुरे कर गं आता.” त्यानंतर नेत्राने पाठवलेलं काही तिकडे पोहोचेनासं झालं. केतकीने तिचा नंबरच अडवला होता. नेत्राला राग आला. ‘भल्याचं सांगावं तर हे,’ ती सुहासला म्हणाली आणि पुन्हा विचारपूस केली नाही.

*

रेवा दुसरीत गेली तेव्हा तिच्या झाडाला पहिला मोहर आला. वाडीतल्या पोरांना तिने तो तिकीट लावल्यासारखा दाखवला. फाल्गुनात हिरव्या बिया धरल्या.

त्याच दिवसांत वांदरांची टोळी उतरली. परसातल्या दोन्ही शीतल काजी त्यांनी ओरबाडून घेतल्या. रेवाच्या झाडावर एक मोठा वांदर चढला, त्याने एक बी तोडली, हुंगली, टाकून दिली आणि तो खाली उतरला. मग दुसरा कुणी चढलाच नाही. नेत्रा हे स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती.

“अरे, बघ तरी. वांदरांनासुद्धा कळतं, पोरीचं झाड आहे म्हणून.”

“माझ्या ड्रोनला भितात ते,” सुहास म्हणाला.

दुपारी सुलूआत्या पेजेसाठी कुळथाची पिठी घेऊन आली. झाडाखाली उभी राहून तिने वर बघितलं आणि सवयीने बोलून गेली, “रेवा, तोंडाक लावू नको हां बाय. उतात.”

रेवा खदखदून हसली. “आज्जी, उततं ते दूध!”

सगळे हसले. आत्याही हसली. “जळला माजा तोंड. जुनाच बोलता.” नेत्रा तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. संध्याकाळी तिने हा किस्सा रोपवाटिकेतल्या मैत्रिणींनाही पाठवला. एका पिढीत शब्द कसा सुटून जातो बघा, म्हणून.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर रेवा अंगणात गेली आणि थोड्या वेळाने स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

“आई, माझी काजू तिखट आहे.”

नेत्राने वळून बघितलं. ओठांच्या कडा तपकिरी झाल्या होत्या. तिने पहिल्यांदा मनगट बघितलं. पट्टी हिरवी.

“काय खाल्लंस? खरं सांग. गाडीवरचा बर्फाचा गोळा? कुणी दिला?”

“काजू खाल्ली. माझ्या झाडाची.”

“काजू तिखट नसते, बाळा. डबा आण बघू इकडे.”

तिने डबा हुंगला. दप्तर उपसलं. चुळा भरायला लावल्या. शाळेजवळच्या गोळेवाल्याविरुद्ध पालकांच्या गटात चार ओळी लिहिल्या. ॲलर्जीच्या औषधाचा एक चमचा पाजला. एवढं सगळं केलं. अंगणात जाऊन ती उष्टी बी मात्र उचलून बघितली नाही. झाड शीतलच्या बियेचं होतं आणि शीतलला चीक नसतो. हे तिला इतकं ठाऊक होतं, की बघायचं काही उरलंच नव्हतं.

तोवर रेवा डोळे चोळत होती.

दिवस कलता कलता ओठ सुजून उलटे झाले. उजव्या तळहातावर काळे डाग उमटले. डावा डोळा मिटला तो उघडेना. तेव्हा कुठे पट्टी नारिंगी झाली. सुहासने गाडी काढली.

आरोग्य केंद्रातला डॉक्टर तरुण होता, लातूरकडचा. त्याने रेवाच्या तोंडासमोर तपासणीचं यंत्र धरलं. यंत्राने फोड बघितले, जागा बघितली आणि पडद्यावर कारणं मांडली. अन्नाची ॲलर्जी. विषाणू. गरम पदार्थाने भाजणं. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘काजूचा चीक : परिसर चीकविरहित, शक्यता वगळली.’

डॉक्टरने मान खाली करून हळू विचारलं, “काय झालं गं बेटा?”

सुजलेल्या ओठांतून रेवा म्हणाली, “उतलं.”

“दूध? गरम दूध सांडलं का अंगावर?”

“नाही हो, दूध कुठलं...” नेत्रा बोलता बोलता थांबली.

“आज्जी म्हणाली होती ना,” रेवा म्हणाली. “उतात. तेच हे.”

नेत्राने पोरीचा तळहात उचलून उजेडात धरला. ते काळं आधी दिसलं नव्हतं असं नाही. तिने लग्नानंतर पहिल्या वर्षी ते आत्याच्या बोटांवर रोज बघितलं होतं. तो उग्र, डांबरासारखा वाससुद्धा तिला ठाऊक होता.

“चीक आहे,” ती म्हणाली.

“पण इकडे तर आता...”

“इकडे नसतो. पण हा आहे. आधी डोळा धुवा हो. कागद मागून करा, तिचा डोळा धुवा!”

*

पोरीला गोव्याच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं. डोळ्याच्या बुबुळाला इजा झाली होती. दिसेल की नाही ते सूज उतरल्यावर कळणार होतं. बाहेरच्या बाकावर बसून नेत्राने सुहासला ते समजावून सांगितलं, स्वतःलाच शिक्षा म्हणून वाचून दाखवल्यासारखं.

“बीचं टरफल असतं ना, ते आईच्या अंगाचं असतं. पराग कुणाचेही पडोत, शीतलच्या झाडाला लागलेली बी बिनचिकाचीच. म्हणून मी पेरली ती बी निर्धोकच होती. तू खाल्ली असतीस तर काही झालं नसतं.”

“मग?”

“पण आतला गर, तो अंकुर, तो निम्मा आईचा, निम्मा बापाचा. आईकडून खोडलेलं जनुक आलं. बापाकडून धडधाकट आलं. चीक बनवायला एक धड प्रत पुरते. ते झाड मोठं झालं, त्याला स्वतःची बी लागली, तेव्हा टरफल बनवलं त्या झाडाने. आपल्या हिशोबाने.”

“आणि बाप कोण?”

नेत्राला आत्याची जुनी काजी आठवली. मधमाशीला विहिरीपर्यंत जायला किती वेळ लागतो?

“म्हणजे झाड बापावर गेलं,” सुहास म्हणाला. हे वाक्य त्याने आयुष्यभर हसत म्हटलं होतं. या वेळी ते त्याच्या तोंडात कसंसंच झालं आणि तो उठून पाणी आणायला गेला.

नेत्राच्या डोळ्यांसमोर ती पिवळी चिठ्ठी होती. कंपनीनेही एका ओळीत कारण छापायला काय हरकत होती? पण कारण छापलं तर लोक भितील, कलमं खपणार नाहीत. म्हणजे पोट होतंच. फक्त त्याच्यामागे खरीखुरी सूचनाही होती आणि एका चिठ्ठीत दोन्ही मावतात हे तिला सुचलं नव्हतं. बाकी सगळ्या जगाने काळजीत टाकलेल्या बाईला तेवढीच एक गोष्ट हसण्यावारी नेता आली होती.

डोळा वाचला. कडेचं थोडं धूसर दिसतं अजून. ओठाच्या कोपऱ्यावर पांढरा डाग राहिला. पण रेवा बदलली. ताटातला घास उचलून ती आधी हुंगते आणि आईकडे बघून विचारते, “आई, हे बोलतं का?” नेत्रा म्हणते, “नाही गं, हे मुकं आहे.” रेवा तरी थांबते. मग बापाकडे बघते. त्याने मान हलवली की खाते.

त्या बघण्याला पट्टीवर कुठलाच रंग नाही.

*

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी सुलूआत्या कोयता घेऊन दारात उभी. वाडीत कुजबुज झालीच होती, की म्हातारीच्या काजीने पोरीला खाल्लं.

“सुहास, चल. तोडून टाक ती. माज्या झाडान माज्याच नातीक...” तिने कोयता पुढे केला.

“आत्या, झाड तोडायचं नाही,” नेत्रा म्हणाली.

“लोक काय म्हणतत ता आयकलंस?”

“ऐकलं. मी सांगेन लोकांना. तुमचं झाड जागचं हललं नाही. बिया मी पेरल्या.”

त्या रविवारी तिने वाडीतल्या पोरांना आणि त्यांच्या आयांना विहिरीकाठी बोलावलं. आत्याने चूल पेटवली. पोरांना वाऱ्याच्या दुसऱ्या अंगाला, लांब बसवलं. लांब चिमट्याने तिने आधी शीतलची बी विस्तवात टाकली. ती गुपचूप काळी झाली. मग जुन्या काजीची टाकली. क्षणभर काहीच नाही आणि एकदम फुर्र करून सालीतून आगीची पिचकारी उडाली, वर काळा धूर. पोरं किंचाळून मागे सरकली. रेवा सुहासच्या कमरेला चिकटली, पण बघत राहिली.

“बोलली बघ,” आत्या म्हणाली. “आता कळला, उतणा म्हणजे काय?”

त्यानंतर नेत्रा करवंट्यांच्या मागे लागली. वाढदिवसाला कोण कोण आलं होतं ते आठवून ती एकेका दारात गेली. बरीच रोपं पहिल्याच उन्हाळ्यात वाळली होती. एक बकरीने खाल्लं होतं. एक शाळेच्या कुंपणाला लावलेलं, मोहराने भरलेलं, खाली पोरांच्या चपलांचे ढीग. ते सुहासने तिच्यासमोर तोडलं. एका आईने दार उघडून विचारलं, “तूच दिलं होतंस ना? आणि माझ्या पोराने तुमच्याकडे लाडू खाल्ला तर हात धुतले का म्हणून तूच विचारायचीस ना?” नेत्रा उभी राहिली, ऐकून घेतलं, झाड तोडून घेतलं आणि पुढच्या दारी गेली. काही ठिकाणी तिला चहाही मिळाला.

सगळी सापडली. एक सोडून.

केतकीचा नंबर लागत नाही. सुहासच्या फोनवरूनही लागेना. तो बहुधा बदललाय. महामार्गाचं काम केलेली ती ठेकेदार कंपनी मोडली. तिथल्या एका जुन्या माणसाने सांगितलं, ते साहेब आधी नाशिकला होते, मग म्हणे हैदराबाद, मग ठाऊक नाही. केतकीच्या एका ओळखीच्या बाईकडून जुना फोटो तेवढा मिळाला. कुठल्याशा उंच इमारतीची गच्ची, मागे पाण्याच्या टाक्या. निळा ड्रम. ड्रममध्ये हिरवंगार झाड, अद्वयच्या डोक्याच्या वर गेलेलं. तो त्याला मिठी मारून हसतोय, पुढचा एक दात पडलेला. केतकीने खाली लिहिलंय, ‘आमचा बंडू. नेत्राच्या काळजीतून सुटलेला एकमेव मुलगा.’

ते वाचून नेत्रा हसली आणि मग तिने फोन उलटा ठेवला. तिने आजवर केतकीला शंभर सूचना पाठवल्या. त्यांतली एकही खरी ठरली नाही आणि जी खरी आहे तिला जायला आता वाट नाही.

म्हणून ती आता भेटेल त्याला विचारते. एसटीत शेजारी बसलेल्याला, गोव्याच्या दवाखान्यात नंबर लावून थांबलेल्यांना, रोपवाटिकेत परगावाहून आलेल्या गिऱ्हाइकांना. हे वाचताय म्हणून तुम्हालाही विचारते आहे. “मोहर येऊन गेला असेल हो. बिया धरल्या असतील. तुमच्या इमारतीत, शेजारच्या इमारतीत, गच्चीवर कुठे निळ्या ड्रममध्ये काजूचं झाड दिसतंय का? तिथे सात-आठ वर्षांचा मुलगा असेल, अद्वय नावाचा. झाडाला बंडू म्हणत असेल. त्याची आई हसेल तुम्हाला, हसू दे. माझं नाव सांगू नका, ऐकणार नाही ती. आधी वर जा आणि त्याचे हात बघा. ओठ बघा. काही नसेल तर त्याला एवढंच सांगा, की बंडू मुका नाही, त्याच्या बीला चीक आहे. पण आज जा हो. उद्या नको.”